शेपटाकडून बातमी वाचणारे तात्या

तात्या बातमी शेपटाकडून वाचायचे. मथळा सगळ्यात शेवटी, आणि तळाला जागा उरली म्हणून कोंबल्यासारखं जे एखादं वाक्य असतं, ते आधी. मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला गेलो, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं, "मास्तर, बातमी कवा तोंडाकडनं धरू नगा. तोंडाकडनं ती तयारीत असती. शेपटाकडं तिचं ध्यान नसतंय."

मी तेव्हा बारामतीच्या एका शाळेत गणित शिकवायचो. एका गणिताला एक उत्तर, यावर माझा विश्वास होता आणि पोटही त्यावरच चालायचं. त्यामुळे हा माणूस मला चक्रम वाटला. काटेवाडीतलं त्यांचं घर मात्र बरं होतं. वांगी-गवारीचा मळा, मागं थोडा ऊस, दारात म्हशी, शेणाच्या गॅसची टाकी, घरात काकू आणि लग्नाला आलेल्या दोन मुली. भिंतीला लागून माझी खोली. म्हशी हलल्या की भिंत हलायची, एवढीच काय ती अडचण.

घरी पेपर घ्यायला तात्यांचा सक्त विरोध होता. पेपर वाचायचा तो फाट्यावरच्या हॉटेलात, चार माणसांत आणि उभ्यानं. "एकटा माणूस घावला की पेपर त्याला गुंडाळतो. चार जणांत त्याला बी जरा लाज वाटती." आणि उभ्यानं का? तर बसून वाचलं की माणूस लगेच सगळं कबूल करतो, म्हणून. हॉटेलवाले आबा, शेजारच्या टपरीतला न्हावी, डेअरीवर दूध घालून परतणारे पाच-सात जण हे त्यांचं श्रोतृमंडळ. तात्या आधी छापलेलं सगळं पोरानं धडा वाचावा तसं सपाट आवाजात वाचून दाखवायचे. मग पेपर खाली करून म्हणायचे, "हे झालं वरचं. आता खालचं."

खालचं ऐकायलाच लोक थांबलेले असायचे. उद्घाटनाचा फोटो आला की तात्या फीत कापणाऱ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मागच्या रांगेत कुणाची तरी नुसती टोपी दिसत असायची, तिच्यावर बोट ठेवायचे. "ह्यो माणूस पुढं हुता. ह्याला ऐन वक्ताला मागं सारलाय. टोपी बघा, अजून रागातच हाय." टोपी रागात कशी असते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि गंमत म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी तो टोपीवाला खरोखरच पक्ष बदलायचा.

चुकायचेही. एकदा कालव्याचं आवर्तन चार दिवस उशिरा येणार अशी बातमी होती. तात्यांनी तिचं खालचं काढलं की पाणी येणारच नाही, 'चार दिवस' हे नुसतं गाजर आहे. त्यांच्या भरवशावर दोघा-तिघांनी वांग्याची रोपं लावलीच नाहीत. पाणी बरोबर चार दिवसांनी आलं. न्हाव्यानं त्यांना त्यावरून चांगलंच सोलून काढलं. तात्या शांतपणे म्हणाले, "ह्या खेपंला बातमी खरी निघाली. मधनंच असं बी करत्यात ती. इस्वास बसावा म्हणून."

घरात काळापांढरा टीव्ही होता. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की तात्या उठून आवाज बंद करायचे आणि नुसती तोंडं बघत बसायचे. मग धाकटी मुलगी बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज काढून तिच्या मनचं काहीबाही बोलायची. "नमस्कार. आज मंत्र्यांचं पोट बिघडलं हुतं, तरी बी ते भाषणाला गेलं." तात्या पोट धरून हसायचे. थोरली अबोल होती. ती चुलीपाशी बसून तोंडाला पदर लावून हसायची. दोघींच्या वयात फारसं अंतर नव्हतं, पण थोरली तिची वेणी घालायची, तिच्या वाट्याचं शेणही काढायची.

आठवड्याला एक मराठी पिक्चर लागायचा. तेव्हा मात्र आवाज बंद करायची तात्यांची हिंमत नव्हती, कारण आळीतल्या सगळ्या बायका यायच्या. पिक्चर बहुतेक एकच असायचा. सून छळ सोसते, उपाशी झोपते, शेवटी सासूला पाझर फुटतो आणि दोघी गळ्यात पडून रडतात. बायका हमसून हमसून रडायच्या. एकदा तात्यांना राहवलं नाही. ते ओरडले, "आगं, हा पिक्चर सासवांनी काढलाय! सोसा सोसा म्हणत्यात तुमाला, कळंना व्हय?"

काकूंनी मान न वळवता उत्तर दिलं, "गप बसा. खोटं हाय ते आमाला बी कळतंय. आमच्या घरात कुणाला पाझर फुटला न्हाय म्हणूनच रडतोय न्हवं."

दुसऱ्या दिवशी हॉटेलात तात्यांनी हे वाक्य सगळ्यांना ऐकवलं. आपल्या बायकोनं म्हटलंय हे न लपवता ऐकवलं, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

एका प्रकारच्या बातमीला मात्र त्यांची थट्टा पार आटून जायची. तेव्हा ती बातमी आठवड्याला एखादी तरी असायचीच. आतल्या पानावर, एका कोपऱ्यात, बोटभर. स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. तात्या ती हळू वाचायचे, आणि खालचं सांगताना त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या.

"रॉकेल रेशनवर. ते बी धड मिळत न्हाय. कारखान्याचा हंगाम चालू. दारात पाचटाचा ढीग, बुडख्यांचा ढीग, चूल फुकट पेटती. मग ह्याच घरात स्टोव्ह का पेटला? आन् पेटला तर सासूचा पदर का न्हाय पेटला? नणंदेचा का न्हाय?" मग शेवटच्या ओळीवर बोट आपटायचे. माहेरच्या मंडळींची कोणाविरुद्धही तक्रार नाही. "आन् ह्यो बाप बघा. मढ्यापाशी हुबा ऱ्हाऊन म्हणतोय, तक्रार न्हाय. बाप न्हवं ह्यो, वैरी."

ऐकणारे माना हलवायचे. आपापल्या घरी सुना असलेले लोकही हलवायचे. आबा एकदा मला हळूच म्हणाले, "मास्तर, तात्या वाचाय लागल्यापासनं माझी म्हातारी सुनंला स्टोव्हला हात लावू देत न्हाय. लोक काय वाचतील म्हणून भेती." मला ते पटलं. या एका बातमीपुरते तात्या चक्रम नव्हते.

आणि याच बातम्यांमधून तात्यांनी एक निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षानं त्यांचा घात केला.

"ज्या मरत्यात त्या एकट्या असत्यात," ते मला म्हणाले. मळ्यात गवार तोडत होतो, दोघी मुलीही पुढच्या सरीला होत्या. "घरात माहेरचं एक बी माणूस नसतं बघाय. काय झालं ते सांगाय कुणी नसतं. म्हणून मी ठरीवलंय. दोघी एकाच घरात द्यायच्या. दोन सख्ख्या भावांना. एक दुसरीची साक्ष."

तशी चालच आहे तिकडं. दोन बहिणी सख्ख्या जावा होतात, एका मांडवात दोन्ही लग्नं उरकतात, खर्च वाचतो. तात्यांनी खर्चाकडे बघितलं नव्हतं. भवानीनगरच्या पुढं, इंदापूर तालुक्यातलं एक भरल्या उसाचं घर मिळालं. काकूंना ते रुचलं नाही. "एका दावणीला दोघी बांधू नगा," एवढंच त्या म्हणाल्या. तात्यांनी त्यांना पेपरातली उदाहरणं दिली. लग्नात तात्या इतके खूश होते की वाढप्यांच्या हातातून बुंदीची टोपली घेऊन स्वतः वाढत फिरले.

पहिलं वर्ष बरं गेलं. दोघी सणाला बरोबर यायच्या. तात्या थोरलीला बाजूला घेऊन धाकटीचं विचारायचे आणि धाकटीला गाठून थोरलीचं. स्वतःबद्दल मुली झाकून बोलतात, बहिणीबद्दल बोलत नाहीत, हा त्यांचा हिशेब. थोरलीला मुलगा झाला. बारशाला दोघी होत्या. त्यानंतर मात्र दोघी कधी एकदम आल्या नाहीत. पंचमीला धाकटी आली, दिवाळीला थोरली. काही ना काही कारण असायचं. म्हैस व्यायली, सासूचे गुडघे धरले, ऊसतोड आली.

तात्यांनी ते ओळखलं. एका सकाळी हॉटेलातून परत येताना ते रस्त्यातच थांबले आणि म्हणाले, "मास्तर, एक ठिवून घेत्यात आन् मग दुसरी सोडत्यात. आलेली काय बोलायची न्हाय, कारण मागं दुसरी हाय." उन्हात त्यांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. "मी साक्षी म्हणून दिल्या हुत्या. त्यांनी वलीस ठिवल्या." दोघींना आणायला जायचं त्यांनी त्याच वेळी ठरवलं. वांग्याची तोड संपली की, असं म्हणाले.

तोड संपायच्या आत तिकडचा एक माणूस मोटरसायकलवरून आला. थोरलीला भाजलंय, इंदापूरला सरकारी दवाखान्यात नेलंय, एवढंच बोलला आणि पाणीही न पिता परत गेला. मी तात्यांना स्कूटरवर घेऊन निघालो. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

व्हरांड्यात धाकटी उभी होती. कडेवर थोरलीचा मुलगा. लिंबाखाली सासरची माणसं, त्यांची जीप. पोलीस जमादार मांडीवर कागद घेऊन बाकावर बसला होता आणि धाकटी त्याला सांगत होती, "आक्का च्या करत हुती. स्टोव्ह भडाकला. मी गोठ्यात हुते." बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात काहीही बोलू शकणारी मुलगी ती. हे मात्र तिनं असं सांगितलं, जसं कुणी दुसऱ्यानं लिहिलेलं वाचावं.

जमादार भला माणूस दिसत होता. त्यानं तात्यांना बसायला जागा केली आणि विचारलं, "तात्या, तुमचा कुणावर संशय हाय का?"

तेवढ्यात धाकटीचा दीर पुढं आला आणि त्यानं तिच्या कडेवरचं पोर स्वतःकडे घेतलं. पोराचा बापच तो. त्याला कोण काय म्हणणार? पोर रडायला लागलं. धाकटीचे हात तसेच कडेशी वाकलेले राहिले. तिनं बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली. तेराव्यापर्यंत सुतक त्या घरचं, तिला त्याच जीपमधून परत जायचं होतं आणि त्याच चुलीपाशी भाकरी थापायच्या होत्या. तात्यांनी हे सगळं एका नजरेत वाचलं. मलासुद्धा वाचता आलं, इतकं ते मोठ्या अक्षरात होतं.

"न्हाय," तात्या म्हणाले.

बातमी दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी आली. आबांनी त्या दिवशीचा पेपर गल्ल्याखाली दडवला होता. तात्या येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते आले, उभे राहिले आणि हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या तात्या," आबा म्हणाले. "आज नगा."

"का? दुसऱ्याच्या पोरींचं ऐकत हुता की."

पेपर द्यावा लागला. तात्यांनी ती बोटभर बातमी शोधली. या वेळी ते शेपटाकडून गेले नाहीत. मथळ्यापासून सुरुवात केली, थोरलीचं नाव वाचलं, वय वाचलं, 'चहा करत असताना' वाचलं, आणि शेवटची ओळही त्याच सपाट आवाजात वाचली. पेपर खाली केला नाही. न्हावी जमिनीकडे बघत होता. खालचं काय, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही आणि कुणाला विचारायची गरजही नव्हती. तात्या म्हणाले, "म्हणा की आता. वैरी म्हणा." मग त्यांनी पान उलटलं आणि कांद्याच्या भावाची बातमी वाचायला घेतली.

त्यानंतर ते रोज यायचे, पण वाचायचे ते फक्त वरचं. आणि गाव मात्र आता तयार झालं होतं. तात्यांच्या 'न्हाय'चं खालचं प्रत्येकानं आपापलं काढलं. कुणी म्हणालं, जमीन लिहून घेतली. कुणी म्हणालं, थोरलीचंच काहीतरी असेल, म्हणून बाप गप्प. डेअरीवरच्या एकानं तर ठामपणे सांगितलं की धाकटीला थोरल्या जावयाच्या गळ्यात बांधायचा बेत आहे, तिचा नवरा हयात असताना! मला हे ऐकून संताप यायचा. एकदा मी त्या माणसाच्या अंगावर धावून गेलो. तो मला म्हणाला, "सर, आमाला तात्यांनीच शिकिवलंय. लिवलंय तेवढ्यावर इस्वास ठिवू नगा म्हणून."

घरातला टीव्ही चालू असायचा, आवाजासकट. काकू पिक्चरला आलेल्या बायकांना चहा द्यायच्या, पण स्वतः रडायच्या नाहीत. एकदा सून सासूच्या गळ्यात पडली त्याच वेळी त्या सगळ्यांसमोर तात्यांना म्हणाल्या, "ती गेली. दुसरीला आणा."

दिवाळी झाली. सख्खा भाऊ नसल्यानं धाकटी भाऊबीजेला मामाच्या पोरांना ओवाळायला यायची, तिथंही तिला पाठवलं नाही. मग एका रविवारी तात्या माझ्या दारात येऊन उभे राहिले. डोक्याला नवा पटका होता, हातात गवारीची पिशवी. "चला मास्तर," म्हणाले. त्यानंतरच्या जूनमध्ये माझी बदली झाली आणि पुढचं मला काही कळलं नाही. त्या रविवारचं मात्र सगळं लक्षात आहे.

विहीणबाई ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सारखा केला, पाणी मागवलं, चहा मागवला. बोलणं गोड होतं. "तुळशीची लगीनं झाली की थोरल्याचं उरकायचं हाय. बारकं पोर, किती दिस असंच ऱ्हायाचं? तुमी यायचं बरं का. तुमच्याबिगर कार्य व्हायचं न्हाय."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. धाकटी दारात आली होती. तिचा पदर धरून थोरलीचा मुलगा उभा होता आणि तिला आई म्हणत होता. ती बारीक झाली होती. बाकी काही दिसत नव्हतं, म्हणजे दिसेल असं काही नव्हतं.

"चार दिस न्यायला आलोय," तात्या म्हणाले.

"न्या की," विहीणबाई म्हणाल्या. "आमी कुठं आडीवलंय? पोराला मातुर हितं ठिवा. त्याच्याबिगर मला घास जात न्हाय."

लसणाच्या पाकळ्या ताटात पडत होत्या. धाकटीनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "मी न्हाय येत, तात्या," ती म्हणाली. "मी बरी हाय. आईला सांगा, बरी हाय म्हणून."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ की विहीणबाईंचे हात थांबले.

"असं बघू नगा माज्याकडं," धाकटी म्हणाली. तिनं हसल्यासारखं केलं. "मी काय पेपर हाय का वाचायला?"

गवारीची पिशवी तिच्या हातात देऊन आम्ही निघालो. वाटेत उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. सगळ्या कारखान्याकडे चाललेल्या, त्यामुळे आम्हाला थांबावं लागलं. तात्या मागं बसून होते.

"मास्तर, तुमी हुता की तितं. काय म्हणाली ती?"

"बरी आहे म्हणाली."

"व्हय. बरी हाय म्हणाली." एक गाडी गेली, दुसरी गेली. "सोताच्या तोंडानं म्हणाली न्हवं? कुणी म्हणाय लावलं न्हाय?"

"स्वतः म्हणाली. मी ऐकलं."

"काय आसतं तर बोलली आसती. माजी पोरगी हाय."

"बोलली असती."

"मग बरीच आसंल ती."

"होय तात्या," मी म्हणालो. "बरीच आहे."

शेवटची गाडी पुढं सरकली. मी स्कूटरला किक मारली. तात्यांनी तोल सावरायला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हणाले, "लई लगीच व्हय म्हणालात, मास्तर."